जुना डोझर गिअर पकडत नाही? ट्रान्समिशन खोलण्याआधी हे करून बघा

काही वर्षांपूर्वी, ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या रणरणत्या उन्हात, नागपूरच्या उमरेड रोडवरच्या पाचगावकडून एका खदान मालकाचा फोन आला. चेनवाला जुना डोझर, रिव्हर्स पकडत नाही. आधीच्या मिस्त्रीने ट्रान्समिशन उतरवून रिव्हर्स क्लचच्या सगळ्या प्लेट नव्या टाकल्या होत्या. आठ दिवस मशीन उभी होती आणि जोडल्यावर दुखणं जसंच्या तसं. मी गेलो तेव्हा ऑपरेटर कडुनिंबाखाली बसला होता. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. विचारलं, "काका, नेमकं होते काय?"

"काय सांगू भाऊ, सकाळी मस्त चालते. जेवण झालं का मंग रिव्हर्समध्ये इंजिन नुसतं ओरडते, गाडी चढतच नाही."

या दोन वाक्यांत निम्मं निदान होतं. एक म्हणजे 'जेवण झालं का', आणि दुसरं 'चढतच नाही'. पण पहिल्या मिस्त्रीने 'रिव्हर्स' एवढाच शब्द ऐकला आणि पाना हातात घेतला. ती मशीन शेवटी कशाने बरी झाली ते पुढे सांगतो. आधी अशा मशीनकडे कसं बघायचं ते क्रमाने पाहू.

आपल्या भागात जुने डोझर येतात मुख्यतः कोळसा खाणींतून सर्व्हे-ऑफ, म्हणजे कामातून बाद होऊन, लिलावात. बीईएमएल या भारतीय कंपनीने जपानच्या कोमात्सुच्या सहकार्याने बनवलेले डी-८० आणि डी-१५५ त्यात जास्त, थोडे कॅटरपिलरचे. यांचं ट्रान्समिशन बहुधा पॉवरशिफ्ट असतं, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर, प्लॅनेटरी गिअर आणि तेलाच्या दाबावर चालणारे क्लच. खालचं बहुतेक सगळं त्याबद्दल आहे. लिव्हरच्या मास्टर क्लचवाल्या डायरेक्ट ड्राइव्ह मशीनचं शेवटी थोडक्यात.

एका गिअरला दोन क्लच लागतात

एवढं एक डोक्यात बसलं की अर्धी मिस्त्रीगिरी आली. पॉवरशिफ्टमध्ये मशीन हलायला एकाच वेळी दोन क्लच पकडावे लागतात. एक दिशेचा, म्हणजे फॉरवर्ड किंवा रिव्हर्स. दुसरा वेगाचा, म्हणजे फर्स्ट, सेकंड किंवा थर्ड. लिव्हर सेकंड रिव्हर्सला टाकला की रिव्हर्सचा क्लच आणि सेकंडचा क्लच, दोघांच्या पिस्टनमागे तेल भरतं. तीन पुढचे, तीन मागचे असे सहा गिअर दिसतात, पण आत क्लच पाचच असतात.

म्हणून ऑपरेटरला पहिला प्रश्न हा: कोणकोणत्या गिअरमध्ये त्रास आहे? 'रिव्हर्स खराब आहे' हे उत्तर घ्यायचं नाही. सहाही गिअर स्वतः चालवून एका कागदावर मांडायचे. मशीन गरम असताना, सपाट जागेवर, ब्लेडला थोडा माल घेऊन.

पुढचे तिन्ही गिअर स्लिप मारतात, म्हणजे इंजिन फिरतं पण आत क्लच घसरतो, आणि मागचे तिन्ही ठणठणीत आहेत, तर संशय फॉरवर्ड क्लचवर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर. पुढचा सेकंड आणि मागचा सेकंड दोन्ही खराब, बाकी चारही चांगले, तर सेकंडचा क्लच. सहाही गिअर कमी-जास्त प्रमाणात स्लिप मारतात, तर एकाही क्लचकडे बघू नका. पाचही क्लच एकाच आठवड्यात मरत नाहीत. दोष त्यांच्या अलीकडे आहे: तेल, पंपाआधीची तेलाची जाळी, पंप, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंवा कन्व्हर्टर.

आणि समजा फक्त पुढचा थर्डच खराब आहे, मागचा थर्ड चांगला, पुढचे बाकी दोन चांगले. मग दोन्ही क्लच निर्दोष सुटले, कारण ते दुसऱ्या गिअरमध्ये काम करून दाखवत आहेत. अशा वेळी गिअर लिव्हरची लिंकेज बघा, स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा, त्या घरात पूर्ण बसत नसतो. नाहीतर इंजिनच कमजोर असतं आणि थर्डचा लोड त्याला ओढवत नाही.

स्लिप आणि कमजोर इंजिन यांत गोंधळ फार होतो. कान देऊन ऐका. लोड आल्यावर मशीन थांबते आणि इंजिनही दबतं, काळा धूर येतो, तर ट्रान्समिशनने पकडलेलं आहे आणि दोष इंजिनात आहे. मशीन थांबते पण इंजिन मोकळं ओरडत राहतं, तर स्लिप.

आता पाचगावची मशीन. सपाटावर चालवली तर पुढचे गिअरही स्लिप मारत होते. मग ऑपरेटर रिव्हर्सच का म्हणत होता? डोझर माल ढकलतो उताराकडे आणि परत येतो चढावर, रिव्हर्समध्ये. पुढे जाताना उतार मदत करतो, शिवाय इंजिन ओरडायला लागलं की ऑपरेटरचा हात आपोआप ब्लेड उचलतो. त्याला ते जाणवतही नाही. चढावर रिव्हर्समध्ये सोडायला काहीच नसतं, तिथे मशीन उघडी पडते. काका खोटं बोलत नव्हते, खराबी त्यांना तिथेच दिसत होती.

हात लावण्याआधी

सपाट आणि कठीण जागा. ब्लेड आणि रिपर (मागचा नांगर) जमिनीवर, पार्किंग ब्रेक, सेफ्टी लिव्हर लॉक, चेनला पुढेमागे ओंडके. चालू मशीनच्या परीक्षेत सीटवर एकच माणूस, आणि पुढेमागे कोणीही नाही. जुन्या मशीनचा न्यूट्रल हा भरवशाचा न्यूट्रल नसतो. प्लेट चिकटलेली असली तर लिव्हर न्यूट्रलला असतानाही मशीन सरकते. कन्व्हर्टरचं तेल कामात ९०-१०० अंशांच्या घरात असतं, प्लग उघडताना हात आणि तोंड बाजूला. दुपारी बाराला पेटलेल्या लोखंडावर झोपून काम करण्यात मर्दुमकी नाही. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मी त्या दिवसांत सकाळी सहाला काम सुरू करतो आणि दहाला आवरतो. फक्त गरम मशीनची परीक्षा दुपारी.

तेल काय सांगतं

पातळी आधी बघा. पण इंजिन चालू ठेवून की बंद करून, थंड की गरम, हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. डिपस्टिकवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच पाळा. कमी तेलात पंप हवा ओढतो. जास्त तेलातही काम बिघडतं, गिअर तेल घुसळतात, फेस होतो, आणि फेस म्हणजे हवाच. 'थोडं जास्तच असू दे' हा आपल्याकडचा प्रेमळ सल्ला ट्रान्समिशनला मानवत नाही.

मग प्रत. जुन्या पॉवरशिफ्टला त्याच्याच वर्गाचं, आपल्या उन्हाळ्यात सहसा ३० ग्रेडचं तेल लागतं. प्रत्यक्षात निघतं काय? टॉप-अप करताना जो डबा जवळ होता तो ओतलेला. हायड्रॉलिकचं ६८ नंबर, ट्रकचं मल्टिग्रेड, कधी दोन्हीची भेळ. कारच्या इंजिनांसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. तेलाचा इतिहास माहीत नसेल तर आधी तेल आणि फिल्टर बदला, जाळी धुवा, मगच पुढचं निदान. कितीतरी मशीन इथेच सुधारतात.

जुनं तेल फेकण्याआधी पांढऱ्या ताटलीत थोडं घ्या आणि उन्हात धरा. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, बहुधा ऑइल कूलर फुटला. जळका वास आणि काळपट रंग म्हणजे प्लेट तापल्या. मग जाळी आणि फिल्टर. फिल्टरचा कागद ब्लेडने कापून उलगडायचा. हॅकसॉ लावू नका, तिचाच भुगा आत पडतो आणि आपण त्यालाच खराबी समजतो. पितळी चमक असलेली बारीक पूड क्लचच्या फ्रिक्शन प्लेटची. थोडी असणं म्हातारपण, चमचाभर असणं दुखणं. चुंबकाला चिकटणारे टोकदार तुकडे गिअर, बेअरिंग किंवा पंपाचे. पांढरट, चुंबकाला न चिकटणारे कण ॲल्युमिनियमचे, ते कन्व्हर्टरकडे बोट दाखवतात. काळे रबरी तुकडे सीलचे किंवा होजचे.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पाचगावला तिनेच वाट दाखवली.

लिंकेज: अर्ध्या तासाचं काम, जे कोणी करत नाही

ऑपरेटरच्या हातातल्या लिव्हरपासून व्हॉल्व्हच्या स्पूलपर्यंत रॉड, पिना, बुश आणि बॉल जॉइंट असतात. वीस वर्षं कोळशाची धूळ खाल्लेल्या बुशमध्ये प्रत्येकी एक-दोन मिलिमीटर ढिलाई धरा. चार जोड झाले की लिव्हर 'सेकंड' दाखवतो आणि स्पूल सेकंड आणि थर्डच्या मध्ये लटकलेला असतो. भोक अर्धं उघडतं, क्लचला तेल कमी पडतं, प्लेट जळते.

व्हॉल्व्हच्या तोंडाशी रॉडची पिन काढा. स्पूल हाताने ओढून प्रत्येक घर शोधा, डिटेंटमध्ये, म्हणजे अडकायच्या खाचेत, 'टक' असं बसलेलं बोटांना कळतं. सगळी घरं स्पष्ट लागत असतील तर व्हॉल्व्ह ठीक आहे. आता स्पूल न्यूट्रलला आणि लिव्हरही न्यूट्रलला ठेवून बघा, पिन ताण न देता आत जाते का. जात नसेल तर रॉडची लांबी कमी-जास्त करून जुळवा. नंतर शेवटच्या दोन्ही गिअरमध्ये तीच खात्री करा. न्यूट्रल जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नसतं, बुश झिजलेले असतील तर टोकांना फरक राहतोच. तेव्हा ॲडजस्टमेंटचा नाद सोडून बुश बदला.

इंचिंग पेडल (मशीन हळूहळू सरकवायचं) असेल तर त्याचाही रॉड बघा. पेडल पूर्ण वर येत नसेल तर तो व्हॉल्व्ह क्लचचं तेल सतत थोडं सोडत राहतो आणि मशीन सगळ्या गिअरमध्ये मंद वाटते. एकदा पेडलखाली साचलेला वाळका चिखल खरवडून मी घरी आलो आहे. मजुरी मागायची लाज वाटली, तरी मागितली.

एक गोष्ट खराबी नसते. लिव्हर गिअरमध्ये असताना इंजिन सुरू केलं तर बऱ्याच जुन्या डोझरमध्ये मशीन हलत नाही, लिव्हर एकदा न्यूट्रलला आणून पुन्हा टाकावा लागतो. ती आतली सेफ्टी आहे.

गेज लावा

माझ्या मते जुन्या पॉवरशिफ्टवर काम करणाऱ्याने आधी गेज घ्यावं आणि मग मोबाइल. ४० किंवा ६० किलोचं, ग्लिसरीन भरलेलं, दोन मीटर होजसह, म्हणजे आकडे सीटवर बसून वाचता येतात. किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरला किलो. एक किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय, पुस्तक पीएसआयमध्ये असलं तर हा गुणाकार पुरतो. बहुतेक जुन्या पॉवरशिफ्टमध्ये क्लचचा दाब २० ते ३० किलोच्या दरम्यान कुठेतरी असतो, पण अचूक आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातलाच घ्या. दोन किलोचा फरकही इथे बोलतो.

गेज लावताना तेल तापलेलं हवं, साधारण ७० ते ९० अंश. थंड तेल जाड असतं, ते झिजलेल्या फटीतूनही दाब धरून ठेवतं आणि आपल्याला फसवतं. प्लगभोवतीची माती वायर ब्रशने काढून, डिझेलने पुसून मगच पोर्ट उघडा.

वाचन असं: आधी लो आयडल (रेस न देता), मग हाय आयडल (पूर्ण रेस), दोन्ही वेळा न्यूट्रलमध्ये. मग ब्रेक पूर्ण दाबून लो आयडलवर एकेक गिअर टाकायचा आणि आकडा लिहायचा. गिअर टाकताच काटा खाली पडतो आणि एक-दोन सेकंदांत परत चढतो. हे पडणं-चढणं नीट बघा, क्लच भरल्याचा तो पुरावा आहे. काही मशीनमध्ये वेगाच्या आणि दिशेच्या क्लचचे पोर्ट वेगळे असतात आणि दिशेच्या क्लचचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तो फरक बघून घाबरू नका.

आता अर्थ लावणं. सगळ्या गिअरमध्ये दाब सारखाच कमी, तर जाळी, सक्शन, पंप, मेन रिलीफ. आयडलवर फार कमी आणि रेस दिल्यावर बरोबर, तर पंप झिजला आहे किंवा आत कुठेतरी गळती आहे. जास्त तेल आलं की गळती भरून निघते. एकाच क्लचला कमी, तर त्या क्लचच्या पिस्टनचं सील, शाफ्टवरची सीलिंग रिंग किंवा व्हॉल्व्ह बॉडीखालची गॅस्केट. काटा थरथरतो, तर तेलात हवा आहे. थंडीत बरोबर आणि गरम झाल्यावर हळूहळू खाली येतो, तर झीज किंवा सील.

दाब सगळीकडे पुस्तकाप्रमाणे आणि तरीही स्लिप? तेव्हा प्लेटच संपल्या. त्यासाठी ट्रान्समिशन उतरवावंच लागेल. माझ्या अनुभवात या टोकापर्यंत पोचणाऱ्या मशीन लोक समजतात त्यापेक्षा बऱ्याच कमी असतात.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे शिम (पातळ चकती) टाकून दाब वाढवता येतो. हे सगळ्या मिस्त्र्यांना माहीत आहे आणि तिथेच घोटाळा होतो. कमी दाबाचं कारण न शोधता शिम टाकली की मशीन आठ-पंधरा दिवस खूश असते. मग पंप जातो नाहीतर सील फाटतं. स्प्रिंग खरोखर बसलेली आहे, तिची मोकळी लांबी मोजून पटलेलं आहे, तेव्हाच शिम.

स्टॉल टेस्ट, जपून

गेजनंतरही कन्व्हर्टर की क्लच हा प्रश्न उरला तर स्टॉल टेस्ट. तेल गरम, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबलेले, लिव्हर सगळ्यात वरच्या गिअरला, फुल रेस. मशीन जागची हलता कामा नये. इंजिनचे आरपीएम जिथे स्थिर होतात तो आकडा घ्यायचा आणि रेस सोडून न्यूट्रल करायचं. एवढ्या वेळात सगळी ताकद उष्णता होऊन तेलातच जाते, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर कधीही नाही. दोन टेस्टच्या मध्ये न्यूट्रलमध्ये तेल थंड होऊ द्यायचं. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे गेला की टेस्ट बंद. ब्रेक मशीन धरत नसतील तर आधी ब्रेक दुरुस्त करा.

आकडा पुस्तकापेक्षा बराच जास्त, तर कुठेतरी घसरतं आहे: क्लच, किंवा कन्व्हर्टरला तेल कमी. पुढे जास्त आणि मागे बरोबर, तर दिशेचा क्लच पुन्हा तुमच्या कागदावरच्या उत्तराला दुजोरा देतो. आकडा कमी, तर इंजिन. फारच कमी आला आणि इंजिन दुसरीकडे निरोगी वाटत असेल, तर कन्व्हर्टरमधला स्टेटर, म्हणजे आतल्या तेलाची दिशा वळवणारं चक्र.

स्टिअरिंग क्लच, म्हणजे एका बाजूच्या चेनची ताकद तोडून मशीन वळवणारा, याच टेस्टमध्ये बनवाबनवी करतो. या डोझरमध्ये ब्रेक स्टिअरिंग क्लचच्या पलीकडच्या ड्रमवर असतात, म्हणून स्टिअरिंग क्लच घसरला तरी आरपीएम जास्तच दिसतात. ओळखायचं कसं? दोन्ही बाजूंचे क्लच एकसारखे सहसा जात नाहीत. सरळ लोडवर मशीन सतत एका बाजूला ओढत असेल, तर ज्या बाजूला वळते त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच बघा. ट्रान्समिशनचा काही संबंध नाही.

झटका देतो किंवा लेट पकडतो

ही वेगळी जात आहे. गिअर पकडतो, पण एकतर घोड्याने लाथ मारावी तसा, नाहीतर तीन-चार सेकंद विचार करून.

क्लचचा दाब एकदम वाढू नये म्हणून मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह असतो. त्यात एक छोटा लोड पिस्टन, आणि त्याच्यामागे तेल जायला सुईच्या टोकाएवढं भोक. तेल त्या भोकातून हळूहळू जातं, पिस्टन सरकत स्प्रिंग दाबतो, तसतसा दाब चढतो. भोक बुजलं तर पिस्टन हलत नाही, दाब खालीच राहतो, गिअर लेट पकडतो आणि स्लिप मारतो. उलट पिस्टन दाबलेल्या जागी अडकला, किंवा गिअर बदलताना त्याच्यामागचं तेल सोडणारा क्विक रिटर्न व्हॉल्व्ह अडकला, तर पूर्ण दाब पहिल्याच क्षणी येतो आणि झटका बसतो.

हे भोक कशाने बुजतं? मी काढलेल्या कचऱ्यात पहिला नंबर सिलिकॉन पेस्टचा. गॅस्केट गळू नये म्हणून कोणीतरी दोन्ही बाजूंना भरपूर लावते, पिळून आत आलेला तिचा धागा तुटतो आणि तेलाबरोबर फिरत फिरत सगळ्यात बारीक भोकात जाऊन बसतो. व्हॉल्व्ह बॉडीला कोरडी, चांगल्या प्रतीची गॅस्केट पुरते. दुसरा नंबर कॉटन वेस्टच्या तंतूंचा. व्हॉल्व्ह पुसायला जुनं धुतलेलं सुती धोतर घ्या, ते तंतू सोडत नाही.

व्हॉल्व्ह बॉडी खोलताना प्रत्येक स्प्रिंग कोणत्या भोकातून निघाली याचा फोटो काढा आणि स्प्रिंगला चिठ्ठी बांधा. दोन स्प्रिंग डोळ्यांना जुळ्या दिसतात आणि ताकदीने वेगळ्या असतात. स्पूल डिझेलने धुऊन, तेल लावून, बॉडी उभी धरून सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने गुळगुळीत खाली उतरायला हवा. अडखळला तर खरचटलेली जागा शोधा. तिथे पॉलिश पेपर घासायचा मोह होतो, पण स्पूलची धार गोल झाली की तो कायमचा गळतो.

पाचगावला काय निघालं

सकाळी थंड मशीनवर दाब पुस्तकाप्रमाणे. दुपारी दोनला, तासभर चालवल्यावर, न्यूट्रलमध्ये आयडलला जेमतेम बरा. फुल रेस दिली तर वाढायच्या ऐवजी पडला आणि काटा थरथरायला लागला. रेस वाढवल्यावर दाब पडणं हे पंपाला तेल मिळत नसल्याचं लक्षण. झिजलेला पंप उलट वागतो.

जाळी काढली, तिच्यात काळ्या रबराच्या चार-सहा पापड्या. सक्शन होज बाहेरून धडधाकट, क्लॅम्प घट्ट. ती काढून बॅटरीच्या उजेडात आत बघितलं तर आतला थर एका बाजूने सुटून जिभेसारखा लोंबत होता. थंडीत तो कडक, भिंतीला चिकटून. तेल तापलं की मऊ. त्यात फुल रेसची ओढ आली की तो आडवा होऊन वाट बंद करायचा. बोटाने उचलून काकांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाप्पा, एवढ्याशासाठी आठ दिवस?"

सक्शन होज घेताना आत तारेची वेटोळी असलेलीच घ्या. प्रेशरची होज तिथे चालत नाही, ती ओढीने चपटी होते. बाहेरून दाबून परीक्षा करू नका, आत बघा.

उन्हाळा, काळी माती आणि कूलर

दोष फक्त दुपारी येतो अशी तक्रार आपल्याकडे मार्चनंतर वाढतेच. तेल पातळ झालं की प्रत्येक झिजलेली फट बोलायला लागते. पण त्याआधी तेल मुळात एवढं तापतं का ते बघा. रेडिएटरच्या जाळीत काळ्या मातीचा लेप आणि वर कोळशाची धूळ, ही खाणीतल्या मशीनची वहिवाट. हवेने साफ करताना पंखा ज्या दिशेने हवा नेतो त्याच्या उलट दिशेने फुंका, नाहीतर कचरा आणखी आत रुततो. फॅन बेल्ट ढिला, कूलंटमध्ये विहिरीचं जड पाणी घालून साचलेला क्षार, हेही तेलच तापवतात.

कूलर फुटून पाणी तेलात गेलं असेल तर नुसतं तेल बदलून भागत नाही. कागदी अस्तराच्या फ्रिक्शन प्लेट असतील तर अस्तर फुगून सुटतं. आणि एकदा क्लच जळाला असेल तर कूलर आतून धुतल्याशिवाय नवीन प्लेट टाकू नका. त्याच्या नळ्यांत जुन्या प्लेटची पूड बसलेली असते, ती पहिल्याच दिवशी नव्यांत येते.

खोलावंच लागलं तर

हे काम उघड्या रानात करू नये, हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या शेडमध्ये क्रेनखाली करावं. सगळी जोडणी इथे सांगत नाही, पुस्तकच लागतं. फक्त जिथे लोक चुकतात ते.

बाजारातल्या प्लेट घेताना जुनी प्लेट बरोबर न्या. दाते मोजा, जाडी मायक्रोमीटरने चार जागी मोजा, तेलाच्या चऱ्या ताडून बघा. स्टीलच्या प्लेट काचेवर ठेवून वाकल्या आहेत का बघा. निळ्या पडलेल्या असतील तर त्या तापलेल्या आहेत, परत वापरू नका. न्यूट्रलमध्ये मशीन सरकते ती बहुधा अशाच वाकलेल्या प्लेटमुळे. नव्या फ्रिक्शन प्लेट बसवण्याआधी स्वच्छ तेलात भिजवून ठेवा. एका क्लचच्या प्लेट जळाल्या असतील तर का जळाल्या ते त्या पिस्टनच्या सीलमध्ये आणि रिंगमध्ये शोधा, नाहीतर सहा महिन्यांनी परत भेटू.

डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांसाठी

गिअर टाकताना करकर आवाज येतो, दात घासतात? गिअरबॉक्स नंतर, आधी मास्टर क्लच. क्लच सोडल्यावर शाफ्ट थांबायला हवा, त्यासाठी क्लच ब्रेक असतो आणि त्याचं अस्तर झिजतं. शाफ्ट थांबत नसेल तर एकतर ब्रेक संपला किंवा क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच पकडवताना लिव्हर शेवटी 'खट' करून मध्य ओलांडतो, तो जोर कमी झाला की क्लच स्लिप मारतो. ॲडजस्टिंग रिंग थोडी-थोडी, एकेक खाच फिरवून बघा. गिअर सुटून बाहेर येत असेल तर शिफ्टर फोर्क, डिटेंटची स्प्रिंग आणि दातांची गोल झालेली टोकं.

जोडल्यावर

पहिली दहा मिनिटं आयडल, मग पातळी परत. लोड न देता सहाही गिअर, मग हलका माल, मग पूर्ण. पहिल्या पन्नास तासांत फिल्टर पुन्हा कापून बघा. आणि निरोगी मशीनचे दाब लिहून ठेवा: तारीख, तेलाचं तापमान, आयडल, फुल रेस, प्रत्येक गिअर. दुखणं येईल तेव्हा पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा हे जास्त कामाचे, कारण ते तुमच्याच मशीनचे असतात.

वही खदानीत टिकत नाही. पाचगावच्या त्या डोझरवर ऑपरेटरच्या पायाखालची फ्लोअर प्लेट उलटी करून आम्ही पांढऱ्या ऑइल पेंटने आकडे लिहिले. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा त्याखाली आणखी तीन ओळी होत्या, काकांच्या अक्षरात. गेज त्यांनी मालकाकडून मागून घेतलं होतं.